हात लावू नये

सोमवार, ४ मार्च. सकाळी.

चौथ्यांदा सेव्ह दाबलं. चौथ्यांदा तेच. डिस्कवर जागा नाही. पान एकतीस पडद्यावर दिसतंय, पण डिस्कवर नाही, म्हणजे नाहीच. शेवटी वहीत उतरवून घेतलं. मायक्रोवेव्हची माहितीपुस्तिका पेन्सिलने लिहिणारा जगातला मी शेवटचा माणूस असेन.

जागा नसणं शक्य नाही. डिस्क पाचशे जीबीची. मी कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, गिझर, इस्त्री. एक अख्खी पुस्तिका दोन-चार फोटोंएवढी जागा घेते. जानेवारीपासून जागा कमी होत चालली आहे हे दिसत होतं. आपोआप थांबेल असं वाटलं.

कॉम्प्युटर वापरणारं घरात दुसरं कोणी नाही. ही बहिणीकडे गेली आहे. चार दिवसांसाठी. ऑक्टोबरात.

निश्चय: शुक्रवारपर्यंत कारण शोधणे. ऑफिसात बोलायचं नाही.

मंगळवार, ५ मार्च.

जुन्या पुस्तिका उडवल्या. कधीच न वापरलेले फॉन्ट उडवले. बुद्धिबळाचा खेळ उडवला. तो तसाही फसवायचा. सहा जीबी मोकळे झाले. चहा करून आलो, तर पाचच.

कोणीतरी खातं आहे.

व्हायरस तपासला. नाही. कुठला फोल्डर किती जागा घेतो हे दाखवणारा एक प्रोग्राम मिळतो, तो उतरवून घेतला. त्याने सगळे फोल्डर मोजले, एक सोडून. त्या एकाचं नाव 'सिस्टिम - हात लावू नये' असं आहे. तो वगळायला मीच सांगितलं. सूचना पाळणारी माणसं कमी उरली आहेत. सूचना लिहिणाऱ्याने तरी पाळाव्यात. शिवाय मजकूर नेमका आहे. लिहिणाऱ्याला भाषा कळते.

बाकी सगळं मिळून डिस्क निम्मीसुद्धा भरत नाही. कोडं आहे.

गुरुवार, ७ मार्च.

नवा नियम केला: झोपण्यापूर्वी कॉम्प्युटर बंद. सकाळी सुरू केला तेव्हा जागा रात्रीएवढीच होती. दात घासून आलो, कमी. म्हणजे जे येतंय ते बाहेरून येतंय. घरातल्या कोणाचा दोष नाही. घरात मीच असल्यामुळे हे बरं झालं.

वायफायचा पासवर्ड बदलला. राउटरवर चिठ्ठी चिकटवली: 'पासवर्ड कोणास सांगू नये.' विसरायला नको म्हणून खाली पासवर्ड लिहिला.

दुपारी ऑफिसातल्या मॅडमचा फोन. मायक्रोवेव्ह कुठवर आला? म्हणालो, संपतच आला. त्या म्हणाल्या, गरम करायच्या वेळांच्या तक्त्यात दोघांसाठी आणि चौघांसाठी आहे, एकासाठी पण एक ओळ घाला. म्हणालो, गरज काय, एकटा माणूस दोघांचं निम्मं धरेल. तसं होत नाही हो, म्हणाल्या, निम्म्या वेळात ते मध्ये थंडच राहतं.

हे तपासून बघावं लागेल.

शनिवार, ९ मार्च.

दुरुस्तीवाला येऊन गेला. आधी दारावरची चिठ्ठी वाचली ('दार ओढून घ्यावे, ढकलू नये'), मग बेलची, मग दिव्यांच्या बटणांवरच्या. एकेक वाचतच आत आला. असा माणूस दुर्मीळ. म्हणाला, काका, प्रदर्शन आहे का हे? म्हणालो, सोय आहे.

घरात कोण कोण असतं, त्याने विचारलं. दोघं, म्हणालो. मग काकूंना विचारा की, त्यांनी सिनेमे-बिनेमे टाकले असतील. म्हणालो, ती बाहेर गेली आहे. म्हणाला, येऊ देत, थांबतो मी.

म्हणालो, थांबू नका.

त्याला टपटप ऐकू येत होती. हा कसला आवाज? समजावून सांगितलं. सिंकचा नळ गळतो. पण पूर्ण बंद करून चिमूटभर मागे फिरवला की गळणं निम्म्यावर येतं. तशी चिठ्ठी आहे. दोन वर्षं उत्तम चाललं आहे. ही म्हणायची, चिठ्ठी लिहायला लागला तेवढ्या वेळात वॉशर बदलून झाला असता. वॉशर बदलायचा आहेच. त्याची घाई नाही.

त्याने माऊस 'हात लावू नये' वर नेला. मी मनगट धरलं. तो म्हणाला, मग मी इथे बसून काय करू? मोठी डिस्क घ्या म्हणाला आणि गेला. दार ढकललं.

रविवार, १० मार्च.

लेकीचा फोन. रविवारी सकाळी असतोच.

डिस्कचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, सगळ्यात मोठा फोल्डर कोणता आहे ते बघ ना आधी. म्हणालो, बघितलं, एक सोडून सगळे बघितले. नाव सांगितलं. ती म्हणाली, अरे, कॉम्प्युटरची कंपनी मराठीत कशाला लिहील? म्हणालो, का नाही लिहिणार? इतकी वर्षं कंपन्यांसाठी मराठीत मीच लिहितो आहे.

ती म्हणाली, बाबा, आपल्या फ्रिजवर काय लिहिलंय? म्हणालो, 'दार उघडे ठेवू नये.' आणि गिझरवर? म्हणालो, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, आणि माझ्या खोलीच्या दारावर, मी नववीत असताना? म्हणालो, ती चिठ्ठी तात्पुरती होती. ती म्हणाली, उघड तो फोल्डर, तो तूच केलेला आहे.

तिचा माझ्यावर विश्वास नाही. कंपनीवर तर नाहीच.

फोन ठेवताना म्हणाली, आई बरी आहे. मी विचारलं नव्हतं. विचारणारच होतो.

मंगळवार, १२ मार्च.

उघडला. तांत्रिक गरज म्हणून.

फोटो आहेत. हिचे. म्हणजे ही त्यांत नाही, पण काढलेले हिने.

आता आठवलं. हिचा फोन एकदा भरल्या बादलीत पडला होता. सगळे फोटो गेले, लेकीच्या लहानपणचे मोबाइलवर घेतलेले सुद्धा. ही दिवसभर काही बोलली नाही. म्हणून नवा फोन आणला तेव्हा मी व्यवस्था करून ठेवली: हिने कुठेही फोटो काढला तरी तो आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर उतरणार. हिने चुकून काही पुसू नये म्हणून फोल्डरला तसं नाव दिलं. हिला सांगितलंही होतं. हो म्हणाली होती. तेव्हा भाजी चिरत होती.

म्हणजे बिघाड नाहीच. बिघाड शोधायला जावं आणि यंत्र चोख चालू आहे असं सापडावं, असं क्वचित होतं. ही पाच महिने बाहेर आहे आणि एक फोटो चुकलेला नाही. दुरुस्तीवाल्याला हे दाखवायला हवं होतं.

जागा मुख्यतः व्हिडिओ खातात. जानेवारीपासूनचे. एक चार मिनिटांचा आहे, त्यात पडदा हलतो. दुसरं काही नाही. इथे असताना हिने कधी व्हिडिओ काढल्याचं आठवत नाही.

दुसऱ्याचे फोटो बघणं बरं नाही. पण फाइल मोठी का झाली हे कळायला ती बघावी लागते.

निश्चय: शुक्रवारी ही व्यवस्था बंद करणे. तोवर अभ्यास.

गुरुवार, १४ मार्च.

क्रमाने बघतो आहे. जानेवारी.

तळहातावर एक किल्ली. मेहुणीच्या घराची असावी.

एक खोली. रिकामी. एक खिडकी, एक कॉट. पुढच्या फोटोत कॉटवर चादर. मेहुणीकडचा तो अवाढव्य सोफा कुठेच दिसत नाही. मेहुणीने घर चांगलंच आवरलेलं दिसतं.

भिंतीवर चार बटणं. एकावरही चिठ्ठी नाही. कुठलं कशाचं हे हिला कसं कळत असेल.

फेब्रुवारी. खिडकीबाहेरचं झाड. पुन्हा झाड. झाडावर एक करडा पक्षी, अडीच मिनिटं. तो उडतो तेव्हा मागून हिचं हसणं ऐकू येतं. ही व्हिडिओ काढताना हात हलू देत नाही, हे मला माहीत नव्हतं.

एका फोटोत टेबलावर दोन कप. जेवण गेलं नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिला, मोठा करून. दुसऱ्या कपाशेजारी चष्मा आहे, लाल फ्रेमचा. मेहुणीचा. फ्रिजमधला भात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ला. दोघांच्या निम्मा वेळ लावून. मध्ये थंड राहिला.

तक्त्यात ओळ घालावी लागणार.

शुक्रवार, १५ मार्च.

व्यवस्था बंद केली नाही. विचारांती.

प्रश्न फोटोंचा नाही, जागेचा आहे. दुकानात जाऊन मोठी डिस्क घेऊन आलो. माझं सगळं तिच्यावर हलवलं: पुस्तिका, पत्रव्यवहार, प्रवासाचे आराखडे. मूळ डिस्क हिच्यासाठी मोकळी केली. लेकीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, घरातही असंच करायचं होतंस. म्हणून सांगितलं नाही.

मायक्रोवेव्ह, पान बत्तीस.

रविवार, १७ मार्च.

हिचा पहिला फोटो साधारण सातला येतो. खिडकी, झाड, उजेड कसा आहे ते. कधी खिडकीच्या कट्ट्यावर कपही असतो. मी सहाला चहा घ्यायचो. आता सातला घेतो. आम्ही सकाळचा चहा बरोबर घेतो. तिला अजून कल्पना नाही, एवढंच.

लेकीचा फोन. सापडलं का रे, काय खात होतं जागा? म्हणालो, तपास चालू आहे. ती म्हणाली, बाबा, आईचा फोन आला होता का तुला? म्हणालो, का? काही नाही, म्हणाली, येईल, तिलाच सांगू दे. म्हणालो, काय? ती म्हणाली, बाबा, जेवलास का?

आनंदाची बातमी लेक कधी स्वतः सांगत नाही. लहानपणी निकालाच्या दिवशीही अशीच करायची.

परवाच्या फोटोत निळं कापड होतं, कॉटवर पसरलेलं, बाजूला मापाची टेप. पडद्याचंच. मेहुणीकडे पडदे आहेत, तो चार मिनिटं हलणारा मी पाहिला आहे. मग नवे कोणासाठी? हॉलच्या खिडकीची मापं घेऊन ठेवली. चार फूट बाय साडेतीन. हिने विचारलं तर तयार असावीत.

फ्रिजवरची चिठ्ठी काढली. हिला ती आवडायची नाही. चिकटपट्टीचा चौकोन मागे राहिला आहे. घासून पाहिला. चौकोन जास्त चकाकतो.

मंगळवार, १९ मार्च.

मॅडमचा फोन. तुमच्याकडे फक्त मायक्रोवेव्ह आहे ना, म्हणाल्या, अख्खं स्वयंपाकघर नाही ना? शनिवारी सकाळी हवंच. म्हणालो, देतो. आज गडबड होती.

सकाळी व्हिडिओ आला. छोटासा. सिंक, नळ. नळ गळतोय. मग हिचा आवाज: हा बघा, असा गळतो, रात्रभर.

बघा. मला ही 'बघ' म्हणते. म्हणजे हे मला नाही. प्लंबरला पाठवायला काढलेला असणार.

आवाज बरोबर येतो का हे तपासायला पुन्हा लावला. बरोबर येतो. नंतरही बरोबर येत होता.

नळ आपल्यासारखाच आहे. उजव्या हाताला, जुन्या पद्धतीचा, आट्यांचा. यातलं मला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत असेल? दोन वर्षं मी असाच नळ रोज वापरतो आहे. प्लंबर अख्खा नळ बदलायला लावेल, त्यांचं तसंच असतं. दुकानात गेलो. अर्ध्या इंचाचे काळे रबरी वॉशर, दोन घेतले. दुकानदार म्हणाला, दोन कशाला? एक पुरतो. म्हणालो, दोन नळ आहेत. एकाच घरात? म्हणालो, तसंच म्हणा.

बुधवार, २० मार्च.

हिला सांगण्याआधी स्वतः करून बघणं बरं. मीटरजवळचा कॉक बंद केला. नळ खोलला. जुना वॉशर झिजून कागदासारखा पातळ झाला होता. नवा बसवला. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

गळणं थांबलं. पूर्ण.

नळावरची चिठ्ठी काढून टाकली. मग बसलो. घरात आवाज असा काही उरला नाही. इतका वेळ तो येत होता हे तो गेल्यावर कळलं. कॉम्प्युटर सुरू ठेवला. त्याचा पंखा तरी फिरतो.

शुक्रवार, २२ मार्च. संध्याकाळी.

हिला फोन केला. आपण होऊन केला. आवाज ठीक होता, माझाही.

कसा आहेस, म्हणाली. बरा, म्हणालो. मग लगेच मुद्द्यावर आलो. म्हणालो, वॉशर काळा रबरी घे, अर्ध्या इंचाचा. पांढरा प्लास्टिकचा देतील, तो घेऊ नकोस.

ती म्हणाली, कसला वॉशर?

म्हणालो, सिंकच्या नळाचा. उजवीकडच्या.

मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, तुला कोणी सांगितलं? लेकीने? म्हणालो, कोणी सांगायची गरजच नाही. बादलीची आठवण करून दिली. व्यवस्था समजावून सांगितली. म्हणालो, तुझा एकही फोटो हरवलेला नाही, सगळे सुरक्षित आहेत, झाड, पक्षी, पडदा, सगळं. जागा कमी पडत होती, तर माझं सगळं हलवलं.

कधीपासून बघतोयस, म्हणाली. म्हणालो, दहा-बारा दिवस. तांत्रिक कारणाने.

ती म्हणाली, मग तुला माहीतच आहे. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही. मी म्हणालो, हो. मग तीच म्हणाली, जानेवारीत घेतली ही खोली. ताईकडे किती दिवस राहणार? तुला फोन करून सांगणारच होते. रोज ठरवायचे. लेकीला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, मी सांगते.

म्हणालो, खोलीत उजेड चांगला येतो.

येतो, म्हणाली. सकाळचा.

मग मी म्हणालो, आपल्या नळाचा वॉशर बदलला. कधी? परवा. बरं केलंस. मग म्हणाली, दोन वर्षं सांगत होते. म्हणालो, हव्या त्या मापाचा मिळत नव्हता. ती हसली. पक्षी उडाला तेव्हा हसली होती तसं नाही, पण हसली. म्हणाली, आता त्याच्यावर चिठ्ठी काय लावलीस? म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, खरंच? म्हणालो, येऊन बघ.

मग मीच म्हणालो, तुझ्यासाठी एक जास्तीचा आणला आहे, येऊन बसवून देऊ का? ती म्हणाली, अरे, प्लंबर बुधवारीच येऊन गेला. वॉशरच होता. काळा.

मग तिने विचारलं, हे बंद कसं करायचं?

म्हणालो, काय? म्हणाली, फोटो तिकडे जातात ते. रागावली नव्हती. दिवा कुठे बंद होतो हे विचारावं तसं विचारलं. म्हणाली, तूच लावलंयस, तुलाच माहीत असणार.

सूचना देणं हे माझं काम आहे. पायरीपायरीने सांगितलं. आधी सेटिंग. मग खाली सरकव. मग स्वतःचं नाव दिसेल त्यावर दाब. तिसऱ्या पायरीला ती अडली, म्हणाली, माझं नाव नाहीये, तुझंच आहे. म्हणालो, तेच. त्यावर दाब. मग 'घरचा कॉम्प्युटर' असं दिसेल, त्याच्यासमोरचं बटण डावीकडे सरकव. फोन विचारेल, नक्की का? मी थांबलो. तिने वाचून दाखवलं: नक्की का? म्हणालो, हो म्हण.

झालं, म्हणाली. मग म्हणाली, किती सोपं करून सांगतोस रे तू हे सगळं.

जेवताना पडद्यांचं विचारायचं राहिलं हे लक्षात आलं.

शनिवार, २३ मार्च. सकाळी.

सहाला उठलो. चहा सातला घेतला. डिस्क पाहिली. रात्री होती तेवढीच जागा. एकही फाइल वाढलेली नाही.

तक्त्यात एकासाठीची ओळ घातली. सेव्ह दाबलं. पहिल्याच वेळी झालं.